मराठी भाषकांचे इंग्रजी उच्चार : चुकांची कारणे, त्यांचे स्वरूप आणि अध्यापकाची भूमिका

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत इंग्रजी हा आता केवळ एक विषय राहिलेला नाही. विज्ञान, वाणिज्य व व्यावसायिक अभ्यासक्रमांत ती बहुतांशी अध्यापनाचे माध्यम आहे. कला शाखेत संदर्भग्रंथांची भाषा आहे. आणि सर्वच शाखांत मौखिक परीक्षा, चर्चासत्र व नोकरीची मुलाखत या तीन ठिकाणी तिच्याशी गाठ पडते. राज्यातील मराठी शाळांत जून २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. त्यामुळे मराठी माध्यमातून महाविद्यालयात येणारा आजचा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याला पाठ्यपुस्तकातील मजकूर समजतो, तो उत्तरे लिहू शकतो. परंतु तोंड उघडण्याची वेळ आली की तो गप्प होतो.

या मौनाचे कारण प्रत्येक वेळी विषयाचे किंवा व्याकरणाचे अज्ञान हे नसते. पुष्कळदा ते उच्चाराचे भय असते. एखादी संज्ञा अर्थासह ठाऊक असते, पण ती कशी उच्चारावी हे ठाऊक नसते. चुकलो तर वर्ग हसेल, या धास्तीने उत्तर ओठांतच राहते आणि परीक्षक त्या मौनाची नोंद अज्ञान म्हणून करतो. हा प्रश्न म्हणूनच केवळ इंग्रजी विभागाचा नाही. तो प्रत्येक विषयाच्या अध्यापकाचा आहे.

इंग्रजी उच्चारांतील चुका यादृच्छिक नसतात. त्यांमागे इंग्रजीचे स्पेलिंग, मराठीची ध्वनिव्यवस्था आणि इंग्रजीतील आघात ही तीन निश्चित कारणे असतात. तसेच सर्व चुका सारख्या वजनाच्या नसतात. काहींमुळे अर्थ हरवतो, तर काहींमुळे केवळ बोलणाऱ्याचे गाव कळते. या दोहोंतील भेद अध्यापकाने ओळखला, तर दुरुस्ती नेमकी होते आणि विद्यार्थ्याचा आत्मविश्वासही टिकतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने विवेचन केले आहे. इंग्रजी ध्वनी देवनागरीत तंतोतंत लिहिता येत नाहीत. त्यामुळे पुढे दिलेले उच्चार जवळचे आहेत, असे समजावे.

१. स्पेलिंग आणि उच्चार यांतील अंतर

मराठी वाचकाचा लिपीवर विश्वास असतो, आणि तो रास्त आहे. देवनागरीत लिहिलेले बहुतेक जसेच्या तसे वाचले जाते. इंग्रजीत ही हमी नाही. रोमन लिपीची अक्षरे २६. पण ब्रिटिश प्रमाण इंग्रजीत सामान्यतः ४४ स्वनिम मानले जातात, त्यांपैकी २० स्वर व २४ व्यंजने. पाच स्वराक्षरांनी वीस स्वरांचा भार वाहायचा म्हटल्यावर एकेका अक्षराच्या वाट्याला अनेक उच्चार येणे अपरिहार्य ठरते.

या विसंगतीला इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय सुरू केले. त्यानंतर स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले. परंतु नेमक्या त्याच काळात, म्हणजे साधारणतः पंधराव्या ते अठराव्या शतकाच्या दरम्यान, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलले. ज्या शब्दाचा उच्चार पूर्वी 'नाम'च्या जवळ होता तो 'नेम' झाला. 'हूस'चे 'हाउस' झाले. उच्चार पुढे गेला आणि स्पेलिंग मागे राहिले. 'नाइट' या शब्दाच्या आरंभीचा 'के' एकेकाळी खरोखर उच्चारला जात असे. आज तो केवळ लिखाणात उरला आहे.

काही अक्षरे तर विद्वत्तेच्या हौसेपोटी मागाहून घातली गेली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिनमधील 'डेबिटम'शी असलेले नाते दिसावे म्हणून पुढे तो घालण्यात आला. उच्चारात मात्र तो कधीच आला नाही. 'डाउट'मधील 'बी' आणि 'रिसीट'मधील 'पी' यांची कथा अशीच. 'आयलंड' हा शब्द तर मूळचा जर्मानिक कुळातील. लॅटिन 'इन्सुला'शी त्याचा संबंध आहे या चुकीच्या समजुतीतून त्यात 'एस' शिरला. तेव्हा विद्यार्थी 'डेब्ट' किंवा 'इसलँड' म्हणतो, त्या वेळी तो स्पेलिंगशी प्रामाणिक असतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसून त्या भाषेच्या इतिहासाचा आहे.

याच वर्गात 'सट्ल', 'वेन्झडे', 'प्लमर', 'टूम', 'मॉर्गिज' हे शब्द येतात. त्यांचे अनुक्रमे 'सबटल', 'वेडनेसडे', 'प्लंबर', 'टोम्ब', 'मॉर्टगेज' असे उच्चार ऐकू येतात. 'डिटर्मिन' व 'जेन्युइन' यांच्या शेवटी 'फाइन', 'लाइन' यांच्या साम्याने 'आइन' जोडला जातो. साहित्याच्या वर्गात 'इपिटमी' व 'हायपर्बली' हे शब्द 'एपिटोम' व 'हायपरबोल' होतात. उच्चार या अर्थाचा इंग्रजी शब्दही यातून सुटलेला नाही. 'प्रनाउन्स' या क्रियापदावरून तो सर्रास 'प्रोनाउन्सिएशन' असा बोलला जातो. वास्तविक नामाच्या स्पेलिंगमध्ये 'यू' आधीचा 'ओ' उरत नाही, तेथे 'यू' एकटाच असतो आणि उच्चार 'प्रनन्सिएशन' असा होतो.

२. कानाने आलेले शब्द आणि डोळ्याने आलेले शब्द

स्पेलिंगमुळे होणाऱ्या चुकांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. जे इंग्रजी शब्द मराठीत ऐकून आले, त्यांचे उच्चार बहुधा मूळच्या जवळ राहिले. जे वाचून आले, ते स्पेलिंगच्या मागे गेले.

'डेपो' या शब्दाच्या शेवटी 'टी' आहे, पण एस.टी.च्या कोणत्याही प्रवाशाने तो कधी 'डेपॉट' असा उच्चारला नाही. 'कर्नल' व 'लेफ्टनंट' यांची स्पेलिंगे अत्यंत फसवी असूनही लष्कराशी संबंध आलेल्या गावागावांतून हे शब्द ब्रिटिश पद्धतीनेच बोलले जातात. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे धावली. पुढे रेल्वेबरोबर 'ब्रॉडगेज', 'मीटरगेज' हे शब्द घराघरांत पोचले. तोच 'गेज' हा शब्द भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्रथम डोळ्यांनी भेटला, तर विद्यार्थी त्याचा 'गॉज' असा उच्चार करण्याचा संभव असतो. कोळसा वाहणाऱ्या कामगाराचा उच्चार बरोबर आणि पदवीच्या विद्यार्थ्याचा चूक, असे घडते. कारण एकाने तो ऐकला आणि दुसऱ्याने तो वाचला.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, उच्चार हा प्रामुख्याने कानाचा विषय आहे, आणि आपल्याकडे इंग्रजी मुख्यत्वे पुस्तकातून व लेखी परीक्षेतून शिकविली गेली. शास्त्रीय संज्ञा विद्यार्थ्याच्या कानी पडण्याचे ठिकाण म्हणजे वर्ग. त्यामुळे अध्यापकाचा उच्चार हाच त्याचा शब्दकोश ठरतो. दुसरी गोष्ट अशी की, मराठीत रुळलेल्या शब्दांना मराठीचा उच्चार लाभणे ही चूक नव्हे. 'तिकीट', 'पाकीट', 'पलटण' हे आता मराठी शब्द आहेत. मराठी बोलताना 'प्लंबर आला' असेच म्हणावे. इंग्रजी बोलतानाच्या उच्चाराचे माप मराठी बोलण्याला लावणे अशास्त्रीय ठरेल.

३. मराठी ध्वनिव्यवस्थेचा प्रभाव

प्रत्येक भाषक परभाषेचे ध्वनी आपल्या भाषेच्या साच्यातून ऐकतो व उच्चारतो. मराठीच्या साच्यातून इंग्रजी ध्वनी कसे बाहेर पडतात, याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे होत.

ऱ्हस्व-दीर्घ स्वर : मराठीत 'मूल' पण 'मुले', 'खीर' पण 'खिरी' असे रूप होते. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ होतो, हा शुद्धलेखनाचा परिचित नियम आहे आणि तो मराठीच्या उच्चार-प्रवृत्तीवर आधारलेला आहे. 'टिकेट'चे 'तिकीट' याच प्रवृत्तीने झाले. इंग्रजीत मात्र 'फुल' व 'फूल', 'पुल' व 'पूल', 'शिप' व 'शीप', 'लिव्ह' व 'लीव्ह' हे भिन्न अर्थांचे शब्द आहेत. मराठी भाषक अशा एकाक्षरी शब्दांत नकळत स्वर लांबवितो; परिणामी 'भरलेला' आणि 'मूर्ख' या अर्थांचे दोन शब्द एक होतात, आणि 'राहतो' म्हणावयाचे असता 'सोडतो' असे ऐकू जाते. इंग्रजीत या स्वरांत लांबीबरोबर जातीचाही फरक असतो. ऱ्हस्व स्वर उच्चारताना जीभ व ओठ सैल राहतात, दीर्घ स्वरात ते ताणले जातात.

'ॲ' आणि 'ऑ' : हे दोन स्वर मराठीने मुख्यतः इंग्रजी शब्दांसाठी स्वीकारले. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये त्यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. तथापि अनेक बोलींत आजही 'ब्याट', 'म्याच', 'कालेज', 'डाक्टर' असे उच्चार आढळतात. हे स्वर लिहिता येऊ लागले तरी सर्वांच्या जिभेवर अजून सारखे रुळलेले नाहीत.

'व' आणि 'व्ह' : इंग्रजीतील 'व्ही' हा दात खालच्या ओठाला टेकवून घासत निघणारा ध्वनी आहे, तर 'डब्ल्यू'चा ध्वनी दोन्ही ओठ गोल करून निघतो. मराठी 'व' या दोहोंच्या मधोमध आहे. हिंदीत दोन्हींसाठी 'व' लिहितात. मराठीने 'व्ही'साठी 'व्ह' योजून लेखनात भेद राखला. ही सोय उपयुक्त असली तरी तिच्यामुळे 'व्हॅन', 'व्हिटॅमिन' या शब्दांत 'ह'काराची एक झुळूक येते, जी इंग्रजीत नाही.

'झ' : मराठीत 'ज' दोन आहेत. दुनिया या अर्थाचा 'जग' तालव्य, तर 'जगणे' या क्रियापदातील 'जग' दंततालव्य. इंग्रजी 'झेड'साठी आपण दंततालव्य 'झ' वापरतो. तो महाप्राण आहे आणि त्याच्या आरंभी जीभ क्षणभर टेकते. इंग्रजी ध्वनी मात्र 'स'प्रमाणे सलग वाहतो, फक्त घोष असतो. 'स' लांबवीत असताना कंठात कंप आणला की तो साधतो. 'मेझर' या शब्दाच्या मधला ध्वनी याहून निराळा. तो 'श'चे घोष रूप आहे. तो न साधल्याने मापन या अर्थाचा शब्द 'मेजर' होतो आणि 'प्रमुख' या अर्थाच्या शब्दाशी त्याची गल्लत होते. गणित व विज्ञानाच्या वर्गात हे दोन्ही शब्द वारंवार येतात.

'प', 'ट', 'क' : इंग्रजीत शब्दारंभी किंवा आघातयुक्त स्थानी हे ध्वनी किंचित महाप्राण होतात. मराठीत 'प' व 'फ', 'क' व 'ख' यांत अर्थभेद असल्याने आपण अल्पप्राण काटेकोरपणे अल्पप्राणच ठेवतो. ब्रिटिश श्रोत्याला त्यामुळे आपला 'पिन' कधी 'बिन' असा ऐकू येतो.

'थ', 'द', 'ट', 'ड' : इंग्रजीतील 'थिंक' व 'देन' यांचे आरंभीचे ध्वनी घर्षक आहेत, आपण त्यांजागी दंत्य स्पर्श 'थ' व 'द' वापरतो. 'टेबल'मधील ध्वनी हिरडीवरचा. आपला 'ट' मूर्धन्य. कान तयार असलेल्याला हे भेद लगेच जाणवतात. परंतु 'थ्री' आणि 'ट्री' आपण स्वच्छ वेगळे ठेवतो. त्यामुळे अर्थाची हानी होत नाही.

४. आघात : सर्वांत दुर्लक्षित घटक

एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा म्हणजे अवयव. इंग्रजीत दोन वा अधिक अवयवांच्या शब्दात एका अवयवावर विशेष जोर येतो. यालाच आघात म्हणतात. आघात नसलेल्या अवयवातील स्वर बहुधा क्षीण होऊन 'अ' किंवा 'इ'सारखा उरतो. मराठीत सर्व अवयवांना जवळजवळ सारखे वजन मिळते आणि आघाताने अर्थ बदलत नाही. म्हणून हा घटक आपल्या कानाला जाणवत नाही, आणि जे जाणवत नाही ते शिकवलेही जात नाही.

'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर, तर 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर येतो. आघात सरकला की स्वरही बदलतात. मराठी भाषक तिन्ही शब्दांत 'फोटोग्रा' हा भाग स्थिर ठेवतो. 'डिव्हेलप' या शब्दात आघात दुसऱ्या अवयवावर आहे. आपण 'डेव्हलप' म्हणून तो पहिल्यावर देतो. 'इव्हेंट', 'सटिफिकट' यांतही तो दुसऱ्यावर आहे. 'रेकॉर्ड', 'प्रोजेक्ट', 'ऑब्जेक्ट' हे शब्द नाम असताना पहिल्या अवयवावर व क्रियापद असताना दुसऱ्या अवयवावर आघात घेतात.

संशोधनाच्या परिभाषेत ही अडचण विशेष दिसते. 'हायपॉथसिस' हा शब्द 'हायपोथेसिस' असा, 'अनॅलिसिस' हा 'ॲनालिसिस' असा आणि 'परॅमिटर' हा 'पॅरामीटर' असा सर्वत्र ऐकू येतो. तिन्ही शब्दांत आघात दुसऱ्या अवयवावर आहे. अर्थशास्त्रात 'इकॉनमी'चा आघात दुसऱ्यावर, तर 'ईकनॉमिक्स'चा तिसऱ्यावर. हे शब्द देवनागरीत लिहिताना आपण ध्वनी न लिहिता स्पेलिंगच लिहितो, आणि मग ते देवनागरी लेखन चुकीच्या उच्चाराला पाठबळ देते.

आघाताचे काही नियम सोपे आहेत. 'शन' व 'इक' हे प्रत्यय शेवटी असता आघात त्यांच्या लगतच्या आधीच्या अवयवावर येतो. 'लॉजी', 'ग्राफी' व 'इटी' यांनी संपणाऱ्या शब्दांत तो शेवटून तिसऱ्या अवयवावर येतो. 'बायॉलजी', 'युनिव्हर्सिटी' ही त्याची उदाहरणे. 'पॉलिटिक्स', 'रेटरिक' यांसारखे अपवाद आहेत. तरीही एवढ्या दोन नियमांनी शास्त्रीय परिभाषेतील शेकडो शब्द सुधारतात.

५. शब्दांची रूपे आणि शब्दसमूह

भूतकाळी रूपाच्या शेवटचा प्रत्यय तीन प्रकारे उच्चारला जातो. अघोष ध्वनीनंतर तो 'ट'सारखा, घोष ध्वनीनंतर 'ड'सारखा आणि 'ट' किंवा 'ड' नंतर 'इड' असा येतो. म्हणून 'आस्क्ट', 'वॉक्ट', 'कॉल्ड', परंतु 'वॉन्टिड'. विद्यार्थी 'आस्केड', 'वॉकेड' असे दोन अवयव करतात. अनेकवचनाच्या प्रत्ययाचेही तसेच : 'बुक्स'मध्ये 'स', तर 'डॉग्झ'मध्ये घोष ध्वनी.

वाक्यात छोटे शब्द क्षीण होतात. यातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'चा, ची, चे' या अर्थाचे शब्दयोगी. त्याच्या शेवटी 'एफ' असला तरी उच्चार 'व्ही'चा, म्हणजे 'अव्ह' असा होतो. 'गेटवे ऑफ इंडिया' हे मराठीत इतके रूढ झाले आहे की ते मराठी म्हणून मान्य करावे. परंतु इंग्रजी बोलताना 'ऑफ' म्हटल्यास तो 'दूर, बंद' या अर्थाचा स्वतंत्र शब्द होतो.

महाविद्यालयीन व्यवहारात लॅटिन व फ्रेंच शब्दसमूहही नित्य येतात. 'इत्यादी' या अर्थाचा शब्द 'एट सेट्रा' असा आहे. 'एक्सेट्रा' या उच्चाराला स्पेलिंगचाही आधार नाही. अर्थशास्त्रातील निर्हस्तक्षेपाच्या धोरणाची संज्ञा 'लेसे फेअर' अशी उच्चारावी. 'च्या संदर्भात' या अर्थाचा शब्दसमूह 'वीझावी' असा आहे, 'व्हिस ए व्हिस' नव्हे. नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाच्या माहितीपत्रकाला 'रेझ्युमे' म्हणतात. 'रिझ्यूम' हे 'पुन्हा सुरू करणे' या अर्थाचे क्रियापद होय.

मात्र येथे सावधगिरीही हवी. 'बोनाफाइड' दाखला हा शब्द ब्रिटिश पद्धतीने 'बोना फाइडी' असा आहे, म्हणून 'बोनाफाइड' म्हणणाऱ्याला हसण्याचा मोह होऊ शकतो. परंतु अमेरिकी शब्दकोशांना 'बोनाफाइड' हा उच्चारही मान्य आहे. दुसऱ्याची चूक काढण्यापूर्वी शब्दकोश उघडावा, हे यावरून ध्यानात येते.

६. प्रमाण उच्चार कोणता?

उच्चार चूक ठरविण्यासाठी प्रमाण कोणते, हा प्रश्न ओघाने येतो. जॉन वॉकर यांचा उच्चारकोश १७९१ मध्ये, तर डॅनिअल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोन्स यांनी नोंदविलेली भाषा दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षित वर्गाची होती. सर्व इंग्रजांची नव्हती. 'शेड्यूल' आणि 'स्केड्यूल', आघात दुसऱ्या अवयवावर ठेवणारे ब्रिटिश 'लबॉरट्री' आणि तो पहिल्यावर ठेवणारे अमेरिकी 'लॅब्रटोरी' हे सारे उच्चार शुद्ध आहेत. शब्दाच्या शेवटचा 'र' दक्षिण इंग्लंडमध्ये गळतो, पण स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिकेत सामान्यतः तो उच्चारला जातो. भारतीय भाषक तो उच्चारतात यात कमीपणा नाही.

भारतात या विषयाचा शास्त्रीय विचार हैदराबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत झाला. तेथील आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील आपला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीयांचे इंग्रजी इतरांना कळण्यात जे अडथळे येतात, त्यांत चुकीचा शब्दाघात हे एक प्रमुख कारण असल्याकडे त्यांनी लक्ष वेधले. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भिन्न मातृभाषांचे लोक परस्परांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा काय आवश्यक असते, याची मांडणी केली. 'थ' व 'द' यांच्या जागी जवळचे ध्वनी आल्याने आकलनाला विशेष बाधा येत नाही. परंतु स्वरांची ऱ्हस्व-दीर्घता, शब्दारंभीची जोडव्यंजने आणि वाक्यातील मुख्य आघात सांभाळले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शब्दाघाताला मात्र त्यांनी अनिवार्य घटकांत स्थान दिलेले नाही. दोन्ही अभ्यासकांत हा मतभेद असला तरी एका मुद्द्यावर दोघांची दिशा एक आहे : इंग्रजांसारखे बोलणे हे ध्येय नव्हे, समोरच्याला कळेल असे बोलणे हे ध्येय होय.

७. दुरुस्तीचा अग्रक्रम आणि अध्यापकाची भूमिका

वरील विवेचनावरून चुकांचे तीन गट पाडता येतात. पहिल्या गटात अर्थ बदलणाऱ्या व आकलनाला बाधा आणणाऱ्या चुका येतात : ऱ्हस्व-दीर्घ स्वरांची गल्लत, विषयाच्या मूलभूत संज्ञांतील आघात, भूतकाळाचे व अनेकवचनाचे प्रत्यय, आणि मूक अक्षरे असलेले नित्याचे शब्द. यांची दुरुस्ती प्रथम करावी. दुसऱ्या गटात 'व्ही' व 'डब्ल्यू'मधील भेद, 'झेड' व 'मेझर'मधील ध्वनी आणि 'प', 'ट', 'क' यांची महाप्राणता येते. ही सरावाने साधावी, घाई नको. तिसऱ्या गटात 'थ', 'द', 'ट', 'ड' व 'र' यांचे भारतीय उच्चार येतात. ते सोडून द्यावेत; त्यांवर खर्च केलेला वेळ पहिल्या गटातून वजा होतो.

प्रत्यक्ष वर्गात पुढील गोष्टी कोणत्याही विषयाच्या अध्यापकाला करता येतील.

पहिली : प्रत्येक घटकाच्या आरंभी त्यातील आठ-दहा संज्ञा निवडून त्या स्पष्ट उच्चाराव्यात, फळ्यावर लिहून आघाताच्या अवयवाखाली रेघ ओढावी आणि वर्गाकडून एकसुरात म्हणवून घ्याव्यात. सामूहिक उच्चारात एकट्याचे लाजणे विरून जाते.

दुसरी : अध्यापकाने स्वतःच्या विषयातील संज्ञा शब्दकोशात पडताळून घ्याव्यात. आज मोबाइलवरील शब्दकोशांत ब्रिटिश व अमेरिकी असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. पूर्वी ज्या विद्यार्थ्यांना शब्द केवळ डोळ्यांनी भेटत, त्यांना तो आता कानानेही भेटू शकतो. ही सवय वर्गातूनच लावावी लागेल.

तिसरी : विद्यार्थी बोलत असता त्याला मध्येच तोडू नये. त्याचे वाक्य संपल्यावर आपल्या प्रतिसादात तोच शब्द योग्य उच्चारासह सहजपणे वापरावा. विद्यार्थ्याला दुरुस्ती कळते आणि त्याचा मानही राखला जातो.

चौथी : मौखिक परीक्षेत विषयज्ञानाचे मूल्यमापन करताना उच्चारासाठी गुण कापू नयेत. संज्ञा ओळखू येत नसेल तर ती लिहून दाखविण्यास सांगावे. परीक्षा ज्या गोष्टीची आहे तिचेच मोजमाप व्हावे.

पाचवी : वर्गातील हसण्याला अध्यापकाने दुजोरा देऊ नये. 'कालेज' किंवा 'म्याच' म्हणणारा विद्यार्थी आपल्या बोलीच्या स्वरव्यवस्थेनुसार बोलत असतो. त्याच्या उच्चारावर हसणे म्हणजे त्याच्या घराच्या भाषेवर हसणे होय, आणि त्यानंतर तो पुन्हा बोलत नाही. जो बोलत नाही त्याचा उच्चार सुधारण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

समारोप

मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांतील चुका बहुतांशी नियमबद्ध आहेत. काही इंग्रजीच्या स्पेलिंगने निर्माण केल्या, काही मराठीच्या ध्वनिव्यवस्थेने, तर काही आघाताविषयीच्या आपल्या दुर्लक्षाने. ज्या चुकीचे कारण सांगता येते ती दुरुस्त करता येते. कारण न सांगता केलेली टीका मात्र केवळ संकोच वाढविते. शब्दाचा अर्थ शिकविताना त्याचा उच्चारही शिकविणे, हे इंग्रजी विभागाप्रमाणेच वनस्पतिशास्त्र, लेखाशास्त्र, इतिहास या सर्वांचे काम आहे. कारण त्या त्या विषयाचे शब्द विद्यार्थ्याच्या कानी प्रथम तेथेच पडतात. आठवड्यातील प्रत्येक तासाची पाच मिनिटे या कामी दिली, तर ज्याला उत्तर येते तो विद्यार्थी ते मोठ्याने सांगू शकेल. उच्चारशिक्षणाचे प्रयोजन इतकेच आहे.